अ‍ॅड्रिनल इन्सफिशियन्सी असलेली मुलं आणि रक्ततपासणी: सॅम्पल नक्की किती वाजता घेतलं?

पाणकणीस

नमस्कार मंडळी,

लेक सात वर्षांचा. जन्मापासून सीएएच, म्हणजे किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसॉल हे हार्मोन नीट न बनण्याचा आजार, त्यातही शरीरात मीठ न टिकणारा प्रकार. कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून तीनदा आणि मीठ टिकावं म्हणून सकाळी फ्लुड्रोकॉर्टिसोन. ताप आला की डोस वाढवणं, उलट्या लागल्या की इंजेक्शन, हे आता घरातल्या सगळ्यांना येतं. तरी रक्त तपासायचं म्हटलं की अजून माझ्याच पोटात गोळा येतो, त्याचं तर विचारूच नका.

आजवर दर वेळी एकच सॅम्पल व्हायचं. या वेळी नव्या डॉक्टरांनी दिवसभराचा प्रोफाइल सांगितलाय. सकाळी भरती व्हायचं, हातात कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावायची आणि संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी थोडं थोडं रक्त घ्यायचं. वर हॉस्पिटलच्या काउंटरवरून छापील कागद मिळाला: 'रात्रीपासून उपाशी राहावे, सकाळची औषधे घेऊ नयेत.' डॉक्टरांच्या चिठ्ठीत यातलं काहीच नाही. त्यांना फोन लावणार आहेच, पण मलाही हे नीट समजून घ्यायचंय.

एका सॅम्पलमध्ये जे दिसत नाही ते या प्रोफाइलमध्ये काय दिसतं? मागच्या रिपोर्टात १७-ओएचपी नावाचं हार्मोन लाल अक्षरात, मर्यादेच्या बरंच वर होतं, तरी डॉक्टर म्हणाले 'छान आहे'. ते छान कसं? आणि सुईच्या भीतीचं तुम्ही काय करता?

उंटावरचा_शहाणा

उपाशी ठेवू नका!! बाकीचं निवांत लिहितो, आधी एवढं वाचा.

जुनी_जखम

ताई, उंटावरचे बरोबर सांगताहेत. मला लहानपणापासून अ‍ॅडिसन (अ‍ॅड्रिनल ग्रंथीच निकामी होण्याचा आजार) आहे, आता चाळिशी गाठली. तो छापील कागद साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी असतो आणि काउंटरवाले तोच सगळ्यांच्या हातात ठेवतात. रात्रभर पोटात काही नसताना रक्तातली साखर टिकवून धरायला कॉर्टिसॉल लागतं. आपल्याकडे नेमकं तेच कमी. मोठा माणूस निभावून नेतो. लहान मूल, विशेषतः बारीक अंगाचं, पहाटे घामाघूम आणि सुस्त होऊ शकतं. कॉर्टिसॉल, १७-ओएचपी, सोडियम, पोटॅशियम, रेनिन (शरीरात मीठ पुरतंय का ते दाखवणारं) यातल्या कशालाही उपाशी राहावं लागत नाही.

सकाळचा डोस चुकवायचा की नाही हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर टेस्ट कशासाठी आहे त्यावर ठरतं, आणि ते फक्त तुमचे डॉक्टरच देतील. काउंटरनं द्यायचं नाही.

हिरवा_पडदा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, हार्मोनचे रुग्ण रोज बघतो. तुमच्या मुलाचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

निरोगी मुलाच्या रक्तातलं कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं, सकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. दुपारी चारला सहज घेतलेलं कॉर्टिसॉल कमी आलं, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. हे निदानापुरतं झालं. तुमच्या मुलाचं निदान झालेलंच आहे. त्याच्या रक्तात जे कॉर्टिसॉल मोजलं जाईल ते बहुतांशी तुम्ही दिलेल्या गोळीचं असेल, कारण हायड्रोकॉर्टिसोन आणि कॉर्टिसॉल हा एकच रेणू आहे आणि मशीनला दोन्ही सारखेच दिसतात. गोळीनंतर साधारण तासाभरात पातळी वर जाते. रक्तात ती अर्ध्यावर यायला दीडेक तास लागतो. चार-सहा तासांत जवळपास संपते.

म्हणजे सकाळी सातला गोळी दिली आणि आठला रक्त घेतलं तर रिपोर्ट 'उत्तम'. त्याच मुलाचं, त्याच डोसवर, दुपारी एकला घेतलं तर 'फार कमी'. दोन्ही आकडे खरे आणि वेळ लिहिलेली नसेल तर दोन्ही निरुपयोगी. प्रोफाइलमध्ये हा चढउतार सलग दिसतो: किती वर गेलं, किती वेळ टिकलं, पुढच्या डोसाआधी किती वेळ तळाला होतं. काही मुलं औषध फार लवकर संपवतात. त्यांचा एकूण डोस न वाढवता नुसती विभागणी बदलून, तीनाचे चार करून, भागतं. हे एका सॅम्पलमध्ये कळत नाही.

आता तुमच्या लाल अक्षरांकडे. १७-ओएचपी हा कॉर्टिसॉल बनवण्याच्या वाटेवरचा मधला टप्पा. सीएएचमध्ये बहुतेकदा पुढचं एन्झाइम, २१-हायड्रॉक्सिलेज, काम करत नाही म्हणून ते साचतं. लॅबची 'नॉर्मल' मर्यादा निरोगी मुलांची असते. सीएएचच्या मुलात १७-ओएचपी त्या मर्यादेत आणून बसवलं तर बहुधा डोस जास्त होतोय. मग वजन वाढतं आणि उंची खुंटते. ते थोडं वरच असावं, आणि सोबत अँड्रोस्टेनडायोन व टेस्टोस्टेरॉन (अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन) वयाला साजेसं असावं. सकाळच्या डोसाआधी घेतलेलं १७-ओएचपी तर चढलेलंच येणार, कारण पहाटे मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा एसीटीएच, म्हणजे अ‍ॅड्रिनलला कामाला लावणारा हार्मोन, जोरात असतो. 'छान आहे' म्हणणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत आहे एवढाच त्याचा अर्थ.

देखरेखीच्या तपासणीसाठी सहसा औषध चुकवायला सांगत नाहीत. उलट रोजच्या वेळेला रोजचाच डोस द्या आणि तो किती वाजता दिला ते मिनिटासह लिहून ठेवा.

पाणकणीस

हिरवा_पडदा, मनापासून आभार. लाल अक्षरांवर मी किती रात्री काढल्यात ते मलाच माहीत. इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

चाकोरीबाहेर

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नये. आमच्या मुलीलाही सीएएच आहे. इतक्या सुया कशाला टोचायच्या? उंचीचा आलेख, वजन, बीपी आणि अधूनमधून डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय, एवढं पाहिलं की डोस जास्त आहे की कमी ते कळतंच. मूल आलेखावरच्या आपल्या रेषेवर नीट वाढतंय, तर रक्तातला आकडा लाल असो की हिरवा. पूर्वी हेच करायचे ना?

हिरवा_पडदा

चाकोरीबाहेर, अर्ध्याहून जास्त पटतंय. एकट्या १७-ओएचपीवरून डोस बदलणारा डॉक्टर असेल तर मीही दुसऱ्याकडे पाठवीन. पण उंचीचा आलेख उशिरा बोलतो. हाडांचं वय दीड-दोन वर्षं पुढे गेलेलं दिसलं, म्हणजे तेवढे दिवस अँड्रोजेन वाढलेलं होतं, आणि पुढे गेलेलं हाडांचं वय मागे आणता येत नाही. रक्तात ते आधी दिसतं. मिठाचं तर आलेखात फार उशिरा कळतं. रेनिन चढलं असेल तर फ्लुड्रोकॉर्टिसोन किंवा मीठ कमी पडतंय, रेनिन तळाला आणि बीपी वर असेल तर फ्लुड्रोकॉर्टिसोन जास्त होतंय. बाळांचं रेनिन मुळातच जास्त असतं, म्हणून वयाप्रमाणे मर्यादा बघायची.

चाकोरीबाहेर

मिठाचा मुद्दा मान्य. बाकी मी माझ्या मतावर आहे, पण हाडांच्या वयाचं विचारात घेतो.

नळीवाला

लॅबमधे टेक्निशियन आहे. वर सगळी चर्चा आकड्यांची चाललीय. तो आकडा आमच्या टेबलापर्यंत येतायेता काय काय होतं ते सांगतो, कारण पालकांना हे कुणी सांगत नाही.

पोटॅशियम. लहान मुलाची शीर सापडत नाही, पट्टा बराच वेळ बांधलेला, मूल मूठ आवळून रडतंय, टाचेतून किंवा बोटातून दाबून दाबून थेंब काढलाय. अशा सॅम्पलमध्ये लाल पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं. मशीन ६.५, म्हणजे धोक्याइतकं जास्त दाखवतं, आणि अ‍ॅड्रिनलचं मूल असल्यामुळे सगळे धावतात. धावायलाच हवं, पण त्याच वेळी विचारा: 'सॅम्पल हिमोलाइज्ड होतं का?' आम्हाला ते डोळ्यांनीही दिसतं. सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढल्यावर वरचा द्रव पिवळसर असायला हवा, तो गुलाबी किंवा लाल दिसतो. अशा वेळी रिपोर्टात तशी नोंद असते, बारीक अक्षरात, सगळ्यात खाली. सोडियमही कमी असेल आणि मूल मलूल असेल तर मात्र पोटॅशियम खरं धरूनच चालायचं.

एसीटीएच. हा फार नाजूक. ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचा, लगेच बर्फात ठेवायचा आणि लवकरात लवकर फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा. नळी वॉर्डात तासभर पडून राहिली की आकडा खोटाच कमी येतो. रेनिनचं नेमकं उलट. ते बर्फात ठेवलं तर थंडीने निष्क्रिय रेनिन सक्रिय होतं आणि आकडा खोटा वाढतो. दोन्ही नळ्या एकाच बर्फाच्या डब्यात टाकून पाठवणारे पाहिलेत, म्हणून लिहितोय. रक्त घेताना एवढंच विचारा, 'यातली बर्फात कुठली जाणार?' समोरचा माणूस थबकला की समजा विचारलं ते बरं झालं.

कॅन्युला. ती मोकळी राहावी म्हणून आत सलाइन सोडलेलं असतं. सॅम्पल घेताना पहिलं थोडं रक्त बाजूला काढायचं असतं, नाहीतर सगळं पातळ होऊन येतं. आणि ज्या हाताला ग्लुकोजचं सलाइन चालू आहे त्या हातातून सॅम्पल कधीच नाही. साखर ४०० आणि सोडियम ११८ असा रिपोर्ट आला आणि मूल मात्र खेळतंय, तर आधी हात कुठला ते बघायचं.

बायोटिन. केसांसाठी, नखांसाठीच्या गोळ्यांत असतं, मुलांच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही असू शकतं. काही मशीनवर त्यामुळे हार्मोनचे आकडे बिघडतात, कॉर्टिसॉल खोटं वाढलेलं दिसू शकतं. चालू असेल तर आधीच सांगून ठेवा.

उंटावरचा_शहाणा

नळीवाले, दंडवत. ही पोस्ट छापून फायलीला लावतो.

डुलकी

आमची केस थोडी वेगळी आहे, पण इथेच विचारते. मुलीला किडनीच्या आजारासाठी बराच काळ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं, आता कमी करत करत जवळजवळ बंद होत आलंय. डॉक्टर म्हणतात की तिची स्वतःची ग्रंथी जागी झालीय का ते बघायला सिनॅक्थेन टेस्ट करू. वर तुम्ही सगळे म्हणताय औषध चुकवायचं नाही, आणि आम्हाला तर चुकवायला सांगितलंय?

हिरवा_पडदा

डुलकीताई, तुम्हाला सांगितलेलं बरोबर आहे, कारण प्रश्नच वेगळा आहे. पाणकणीस यांच्याकडे 'औषध पुरतंय का' हे बघायचंय. तुमच्याकडे 'ग्रंथी स्वतः किती बनवते' हे बघायचंय. प्रेडनिसोलोन बऱ्याच मशीनना कॉर्टिसॉलसारखंच दिसतं, त्यामुळे ते रक्तात असताना टेस्ट केली तर ग्रंथी उगाचच शाबूत वाटते. म्हणून ते आधी थांबवतात, किती तास ते तुमचे डॉक्टर सांगतील. शेवटचं सॅम्पल झालं की डोस लगेच देऊन टाकायचा. औषध थांबवलेल्या वेळात ताप किंवा उलट्या झाल्या तर टेस्ट रद्द, डोस सुरू, आणि डॉक्टरांना फोन.

टेस्ट अशी असते: सकाळी एक सॅम्पल, मग २५० मायक्रोग्रॅम सिनॅक्थेन शिरेतून किंवा स्नायूत, मग ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा रक्त. अगदी लहान बाळांना डोस कमी असतो. सिनॅक्थेन म्हणजे कृत्रिम एसीटीएच, ग्रंथीला दिलेली हाक. जुन्या पुस्तकांत लिहिलंय की कॉर्टिसॉल १८ मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे साधारण ५०० नॅनोमोलच्या वर गेलं की पास. नव्या, जास्त नेमक्या मशीनवर तीच रेषा खाली सरकते, त्यामुळे आपल्या लॅबची मर्यादा विचारा. आणि दोन रिपोर्टांची तुलना करताना एकक बघा. १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर म्हणजे २७.६ नॅनोमोल प्रति लीटर. १५ आणि ४१४ हे एकच आहे.

नापास झाली तरी घाबरायचं कारण नाही. झोपलेली ग्रंथी उठायला महिने लागतात, कधी वर्षही. तोवर आजारपणात आणि ऑपरेशनच्या वेळी जादा स्टेरॉइड द्यावं लागतं, इतकंच. दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड मोठ्या डोसात दीर्घकाळ घेतलं तरी हेच होऊ शकतं. तेव्हा ते पालकही वाचत असतील तर लक्षात घ्या.

बोरूबहाद्दर

म्हणजे हळूहळू कमी करत नेलं तर गोळ्या सुटतात! मग पाणकणीस ताईंनीही प्रयत्न करायला काय हरकत आहे? आयुष्यभर स्टेरॉइड चांगलं नाही.

जुनी_जखम

बोरूबहाद्दर, हरकत आहे, आणि ती जिवावरची आहे. डुलकीताईंच्या लेकीची ग्रंथी धडधाकट आहे, बाहेरच्या औषधामुळे झोपलीय. पाणकणीस यांच्या मुलाकडे कॉर्टिसॉल बनवायचं एन्झाइमच नाही आणि माझी ग्रंथी माझ्याच प्रतिकारशक्तीनं खाऊन टाकली. आम्हा दोघांकडे झोपेतून उठवण्यासारखं काही शिल्लक नाही. जे शरीरात बनत नाही तेवढंच आम्ही गोळीतून घेतो. कृपया असा सल्ला इथे नको.

बोरूबहाद्दर

समजलं. मागे घेतो.

जुनी_जखम

हरकत नाही.

पाणकणीस, आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि इथे मी पालक म्हणून नाही, ज्याला टोचलं जायचं तो म्हणून लिहितोय.

'दुखणार नाही' असं सांगू नका. दुखतं. एकदा खोटं निघालं की पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास बसत नाही. 'टोचेल, दहा मोजेपर्यंत संपेल, आणि मोजायचं तू' हे चालतं. दुसरं म्हणजे निवड द्या. टोचायचं की नाही ही निवड नाही, पण कुठला हात, बघायचं की नाही, मांडीवर बसून की खुर्चीत, हे त्याला ठरवू द्या. मला टेबलावर आडवं पाडून चौघे धरायचे. सुई मी कधीच विसरलो, ते हात अजून आठवतात.

बधिर करणारं मलम मिळतं, लिडोकेन आणि प्रिलोकेनचं. ते निदान तासभर आधी लावावं लागतं. ऐन वेळी हॉस्पिटलात पोचून लावलं तर काही उपयोग नाही. डॉक्टरांना विचारून घरूनच लावून निघा, दोन ठिकाणी लावा, कारण पहिली शीर हुलकावणी देते. सुईच्या दहा मिनिटं आधी पुसून टाकायचं, कारण मलमाने शिरा थोड्या आक्रसतात. अगदी लहान बाळांना मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका. हात गरम ठेवा, सकाळपासून भरपूर पाणी पाजा. रिकाम्या शिरेत सुई शोधत बसणं कुणालाच नको.

प्रोफाइलला तर कॅन्युला असते, म्हणजे टोचणं एकदाच. या हिशेबाने दिवसभराची तपासणी त्याला तुमच्या एका सॅम्पलपेक्षा जड जाणार नाही. कंटाळा मात्र येईल, त्याची सोय न्या.

पाणकणीस

जुनी_जखम, हे वाचताना डोळ्यांत पाणी आलं. आडवं पाडून धरणं आम्हीही अनुभवलंय. या वेळी तसं होऊ देणार नाही, मांडीवर बसवूनच घ्यायला सांगेन.

एक शंका. दिवसभर रक्त काढून त्याला अशक्तपणा नाही ना येणार? आजी हेच विचारतेय.

नळीवाला

आजींना सांगा, वीस किलोच्या मुलात साधारण दीड लीटर रक्त असतं. लहान मुलांच्या नळ्यांमध्ये दर वेळी एक-दोन मिली पुरतं. दिवसभराचं मिळून एक टक्क्याच्या आसपास. फक्त 'छोट्या नळ्या वापराल ना?' हे आधी विचारा. काही ठिकाणी सवयीने मोठ्यांच्याच भरतात.

हिरवा_पडदा

एक गोष्ट राहिली. वर सगळं ठरवून केलेल्या तपासणीबद्दल आहे. मूल मलूल आहे, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडलेत, अशा वेळी तपासणीची वाट बघायची नसते. कॅन्युला लावता लावता रक्त मिळालं तर उत्तम, पण हायड्रोकॉर्टिसोन त्याच्यासाठी थांबत नाही. इंजेक्शनचा रूढ डोस एक वर्षाखाली २५ मिलिग्रॅम, एक ते पाच वर्षं ५० आणि सहाच्या पुढे १००. मग सलाइन आणि साखर. बोटातली साखर नॉर्मल आली आणि सोडियमही ठीक आलं म्हणून 'क्रायसिस (कॉर्टिसॉल कमी पडून जीव धोक्यात येणं) नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जादा डोस एकदा गेल्याने नुकसान होत नाही, न दिल्याने होतं. इमर्जन्सीत नवा डॉक्टर असेल तर तुमच्या डॉक्टरांचं पत्र त्याच्या हातात द्या आणि ते वरच्या कप्प्यात ठेवा, फायलीच्या पोटात नको.

पाणकणीस

डॉक्टरांशी बोलणं झालं. उपाशी ठेवायचं नाही, सगळे डोस नेहमीच्या वेळेला द्यायचे, आणि छापील कागद 'फाडून टाका' म्हणाले. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकलायची. मी एक कोरा कागद आखून ठेवलाय: डोसाची वेळ, खाण्याची वेळ, सॅम्पलची वेळ. सॅम्पल घेणाऱ्या प्रत्येकाकडून त्यावर वेळ लिहून घेणार. कुणी हसलं तर हसू दे.

पहिलटकरीण

खूप दिवस नुसती वाचत होते. आमचं बाळ दीड महिन्याचं आहे, टाचेच्या रक्तावरून संशय आला आणि मग सीएएच पक्कं झालं. आम्हालाही 'सकाळी आठलाच आणा' म्हणतात. इतक्या लहान बाळाला सकाळ-दुपारचा फरक असतो का?

हिरवा_पडदा

अभिनंदन, आणि काळजी करू नका, वेळेत कळलंय. बाळांमध्ये तो दिवसरात्रीचा चढउतार पहिले काही महिने बसलेला नसतो. त्यामुळे आठच्या हट्टापेक्षा मागचा डोस कधी दिला होता ते लिहिणं महत्त्वाचं. या वयात आम्हाला सगळ्यात जास्त वजन, सोडियम आणि पोटॅशियम बघायचं असतं. झोपलेल्या बाळाला पहाटे उठवून गर्दीत आणण्याची गरज नाही, त्यांना विचारून दहा-अकराची वेळ मागून बघा.

नळीवाला

आणि टाचेतून घेणार असतील तर आधी पाय गरम करायला सांगा. दाबायचं नाही, थेंब आपोआप येऊ द्यायचा. तो पोटॅशियमचा घोळ तिथेच होतो.

पहिलटकरीण

लिहून घेतलं. पाय गरम करायला कोमट ओला कपडा चालेल की मोजा?

नळीवाला

कोमट कपडा, तीन-चार मिनिटं. आधी आपल्या मनगटावर लावून बघा. सुईच्या आधी टाच पूर्ण कोरडी करून घ्या, ओल्या टाचेवर थेंब पसरतो.